गाळाची नोंद

भाच्याला सेकंडहँड गाडी घ्यायची होती. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी, घर पन्हाळ्याच्या पायथ्याला, पावसाळ्यात मोटारसायकलवरून रोजची ये-जा करून जीव मेटाकुटीला आलेला. गाडी सापडली. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-०९ पासिंग, मीटरवर ३१ हजार किलोमीटर, किंमत सव्वाचार लाख. विकणाऱ्यानं मोबाइलवर गाडीचा 'हिस्टरी रिपोर्ट' पाठवला होता. आठ पानं आणि प्रत्येक पानावर हिरव्या टिका. फर्स्ट ओनर, बँकेचा बोजा नाही, काळ्या यादीत नाही, दंड बाकी नाही, इन्शुरन्स चालू, अपघाताची नोंद नाही. भाचा इसार द्यायला निघालाच होता. मी म्हटलं, आधी उद्यमनगरात मेस्त्रीला दाखवू, मग दे.

मेस्त्रीनं रिपोर्ट बघितला नाही. बॉनेटही आधी उघडलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि सावकाश, पार शेवटपर्यंत ओढून काढला. पट्ट्याचा शेवटचा वीतभर तुकडा एरवी कधी उजेडात येत नाही. त्यावर आडवी, फिकट तपकिरी रेघ होती. मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटून त्यानं खालचा गालिचा उचलला, आत हात घातला, वायरिंगच्या जुडग्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढं धरलं. पिठासारखा बारीक गाळ.

"काका, पाण्यात बसून आलीया ही," तो म्हणाला. "आंघोळ घातलीया झकास, पण कानामागचं धुवायचं ऱ्हायलंय."

भाच्याचा पहिला प्रश्न होता, "पण रिपोर्टमध्ये तर काहीच नाही!" विकणाऱ्याला फोन लावला तर तोही तेच म्हणाला. "आम्हाला पण रिपोर्टच दिलाय. आम्ही काय गाडीच्या पोटात शिरून बघणार?" तो खोटं बोलत होता की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित खरंच त्याला माहीत नसेल. मला जास्त बोचलं ते वेगळंच. रिपोर्टमधला एकही शब्द खोटा नव्हता. गाडीवर बोजा नव्हता, मालक एकच होता, दंडही बाकी नव्हता. रिपोर्ट शंभर टक्के खरा, गाडी पाण्यातली, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हे कसं होतं ते बघायला हवं. कारण आता सेकंडहँड गाडीच्या प्रत्येक सौद्यात हा रिपोर्ट मधे येऊन बसलाय. पूर्वी ओळखीचा मेस्त्री, ओळखीचा एजंट, गावातला कुणीतरी 'गाडी माझ्या डोळ्यांसमोरची आहे' म्हणणारा असायचा. आता पीडीएफ असते. आणि पीडीएफला माणसापेक्षा जास्त मान मिळतो, कारण ती छापील दिसते.

आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांचा गाभा म्हणजे केंद्र सरकारची 'वाहन' ही प्रणाली. देशभरातल्या आरटीओ कार्यालयांच्या नोंदी तिच्यात आहेत. नोंदणीची तारीख, इंधन, मालक कितवा, कर्ज कुठल्या बँकेचं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, काळी यादी, हे सगळं तिथून मिळतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाची थकबाकीही बघता येते. बरंच काही तर नुसता नंबर टाकून फुकट कळतं. काही खासगी रिपोर्टांत अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीही येतात, पण जिथून जेवढ्या मिळतील तेवढ्याच.

हे कमी लेखायचं कारण नाही. बोजा न उतरवलेली गाडी घेतली आणि वर्षभरानं बँकेची माणसं दारात आली, अशा गोष्टी प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळायच्या. विकणाऱ्यालाही ही नोंद महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते न करता सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० एजंटाच्या हातात देऊन मोकळं होणारे अजून शेकड्यानं आहेत. त्या गाडीनं पुढं कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे गाडीचा कागद कुणाचा, त्यावर कुणाचा हक्क, याबाबत रिपोर्ट चांगला साक्षीदार आहे. गाडीच्या अंगावर काय काय गुदरलं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. टॅक्सी-ट्रकना ठरावीक मुदतीनं फिटनेसची तपासणी आहे, खासगी गाडीला ती १५ वर्षं नाही. सव्वा तप सरकारचा कुठलाही माणूस त्या गाडीखाली वाकून बघत नाही. मधल्या काळात ती भिंतीवर आदळो, ओढ्यात जावो नाहीतर चाळीस हजारांची लाखभर किलोमीटर होवो, आरसीवर त्याचा ओरखडाही उमटत नाही. तिच्याबद्दल सरकारला नव्यानं काही कळतं ते मुख्यतः तीन वाटांनी: मालक बदलला तर, कर्ज चढलं-उतरलं तर, आणि विमा-पीयूसीची मुदत वाढली तर.

उरतो विम्याचा क्लेम. अपघाताची नोंद कुठं सापडली तर विमा कंपनीकडं सापडेल. पण इथं एक गंमत आहे आणि तिच्याकडं फारसं कुणी लक्ष देत नाही. आपली विमा पद्धत गाडीमालकाला नोंद न करण्याचं बक्षीस देते. पहिलं वर्ष बिनक्लेम गेलं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम केला की सूट शून्यावर. त्यामुळं दार चेपलं, बंपर फुटला, फेंडर आत गेला तर शहाणा माणूस आधी आकडेमोड करतो. आठ-दहा हजारांच्या कामासाठी बोनस कशाला घालवायचा? गाडी सरळ उद्यमनगरात जाते, डेंटिंग-पेंटिंग होतं, पैसे रोख, पावती नाही. मीसुद्धा दोनदा हेच केलंय. माझी गाडी उद्या विकायला काढली तर तिचा रिपोर्ट निष्कलंक येईल, आणि मागचं डावं दार दुसऱ्याच गाडीचं आहे हे मी न सांगता कुणाला कळणार नाही.

आणि कोल्हापुरात तर नाहीच कळणार. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला, ज्या गावानं ऑइल इंजिनं ओतली, त्या गावात चुरगळलेला पत्रा आरशासारखा करून देणाऱ्या हातांना काय तोटा! हे कौतुकच आहे. पण हात जितका चांगला, तितकी खूण कमी राहते, आणि विकत घेणाऱ्याचं काम तितकं अवघड होतं.

आता पाण्याकडं येतो, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठी फसगत पाण्यातल्या गाडीत आहे.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगली फाट्याला महामार्ग बंद पडला. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा भाग, बाहेर आंबेवाडी-चिखली आणि शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्यात होता. पाणी एका रात्रीत आलं आणि दिवसेंदिवस हललं नाही. माणसं बाहेर काढली, जमेल तितकी जनावरं काढली. पार्किंगमधल्या गाड्या तिथंच राहिल्या. ओसरल्यावर आम्ही बघितलंय, टपापर्यंत गाळाचा एकसारखा लेप बसलेल्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, जणू मातीच्याच घडवल्यात.

त्या गाड्या गेल्या कुठं? काही भंगारात गेल्या. बाकीच्या नाही गेल्या. विमा कंपनीचा साधा हिशेब असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर गाडी टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा बोलीनं विकला जातो. टोटल लॉस हा बेरजेतला शब्द आहे, मेलेली गाडी असा त्याचा अर्थ नाही. कलम ५५ म्हणतं, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत कळवावं, मग नोंदणी रद्द होते. पण बोलीत सांगाडा घेणारा माणूस गाडी निकामी आहे असं मुळीच मानत नाही. दुरुस्त करायला म्हणूनच त्यानं ती घेतलेली असते. सीट बाहेर काढून उन्हात वाळवल्या, आतून शाम्पूनं धुतली, वायरिंगला ठिगळं लावली, आरसी जिवंत आहेच, की गाडी पुन्हा रस्त्यावर.

दुसरा गट याहून मोठा असावा असं मला वाटतं, आणि तो कुठल्याच नोंदीत नाही. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी विमा होता त्यांना पुराचा क्लेमच नव्हता. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांच्यातही अनेकांनी पाणी ओसरल्या ओसरल्या घाईनं चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी, पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुरामुळं झालं की चावी फिरवल्यामुळं, यावर कंपन्या हात आखडतात. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर इंजिनाचा खर्च बहुधा मालकाच्याच बोडक्यावर. मग तो काय करतो? इंजिन स्वतःच्या पैशानं बांधून घेतो आणि सहा महिन्यांनी गाडी काढून टाकतो. क्लेम नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून रिपोर्टमध्ये हिरवी टीक. त्या हिरव्या टिकेचा खरा अर्थ 'आम्हाला कुणी कळवलं नाही' इतकाच आहे. पण वाचणारा तो 'काही झालं नाही' असा वाचतो.

पुराचे पंचनामे आपल्याकडं किती बारकाईनं होतात ते आपण बघितलंय. पडलेल्या भिंती मोजल्या, कुजलेला ऊस मोजला, दगावलेली म्हैस कागदावर आली. नदी किती फूट किती इंच चढली हे तासातासाला जाहीर होत होतं. आणि पाण्यात बुडलेली मोटार, जी पुढं बेळगाव, निपाणी, सावंतवाडी, कुठंही विकली जाणार होती, तिच्याबद्दल विकत घेणाऱ्याला उघडून बघता येईल असं एक ओळीचं टिपण कुठं नाही. राज्याबाहेर गेली की तर विचारूच नका. एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात नवा नंबर पडतो. चासी नंबर तोच राहतो, पण नव्या नंबरावर रिपोर्ट मागितला तर जुन्या नंबरावरचं सगळं त्यात येईलच असं नाही. आपण स्वतः सीमेवरचं गाव. जशा आपल्या बुडीत गाड्या तिकडं जातात, तशा तिकडच्या इकडं येत असणारच.

मीटरचं तर बोलायलाच नको. पूर्वी केबल सोडवून, ड्रिल लावून मीटर उलटं फिरवायचे, त्यात कधी आकडे वेडेवाकडे बसायचे आणि चोरी पकडली जायची. आता आकडा चिपमध्ये असतो, लॅपटॉप जोडून पाहिजे तो घालता येतो आणि रांगेत सरळ बसतो. आरसीवर किलोमीटरची नोंद नाही, विम्याच्या पॉलिसीवर नाही, पीयूसीच्या कागदावर नाही. असली तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर, आणि फुकटच्या सर्व्हिसिंगा संपल्या की आपल्यातले निम्मे लोक कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातात. तिथं जॉब कार्ड म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

कुणी म्हणेल, परदेशात हे सगळं व्यवस्थित आहे. काही अंशी आहे. अमेरिकेत कारफॅक्स ही कंपनी १९८०च्या दशकापासून असे रिपोर्ट विकतेय. तिथं टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच शिक्का बसतो, भंगार, पूरग्रस्त, पुन्हा बांधलेली, आणि अशा शिक्क्यांची देशभरची यादी ठेवण्यासाठी १९९२ मध्ये कायदाही झाला. तरी २००५ मध्ये कतरिना वादळात बुडालेल्या गाड्या दूरदूरच्या राज्यांत चकचकीत होऊन विकल्या गेल्याच. प्रत्येक राज्याचे शिक्क्याचे नियम वेगळे, म्हणून गाडी एका राज्यातून दुसऱ्यात फिरवून शिक्का धुऊन काढायचा हा तिथला जुना धंदा आहे. वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरनं विकल्या जातात, हा तिथल्याच सरकारी रस्तासुरक्षा खात्याचा अंदाज. आणि रोख पैसे देऊन दुरुस्त केलेला अपघात तिथल्याही रिपोर्टात येत नाही. माणूस इथला असो की तिथला, लपवायची सोय असेल तर लपवतो.

तरीही दोन ठिकाणांकडून शिकण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. त्या वेळी मीटरचा आकडा लिहिला जातो, आणि नुसता नंबर टाकून तो कुणालाही फुकट बघता येतो. बेल्जियममध्ये २००६ च्या अखेरीपासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला देणं बंधनकारक आहे. तिथं गॅरेज, टायरवाले, सर्व्हिस सेंटर, गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकानं आकडा कळवायचा असतो. यात थोर तंत्रज्ञान काही नाही. नोंद नियमानं व्हावी, ती विकणाऱ्याच्या मर्जीवर नसावी, एवढंच ठरवलं.

आपल्याकडं ही सोय करायला नवं खातं उघडावं लागणार नाही. विजेवरच्या गाड्या सोडल्या तर गाडी वर्षाची झाली की पीयूसी लागतेच. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा, जुन्यांना सहा महिन्यांनी. पीयूसीवाला नंबरप्लेटचा फोटो काढून 'वाहन'वर चढवतोच. त्याच वेळी मीटरचा दुसरा फोटो काढायला किती वेळ लागेल? पाच वर्षांत पाच आकडे जमा होतील आणि ५५ हजारांवरून ३१ हजारांवर आलेली गाडी शाळेतल्या पोरालाही पकडता येईल. नाव ट्रान्सफर करतानाही तोच फोटो सक्तीचा करावा. पीयूसीचे कागद गाडी न बघता मिळतात ही तक्रार मला माहीत आहे. पण पाचपैकी तीन आकडे खरे आले तरी आजच्या शून्यापेक्षा ते बरे.

पुराच्या आणि टोटल लॉसच्या क्लेमचं काम तर याहून सोपं आहे, कारण ती माहिती आजही संगणकातच आहे. विमा कंपन्यांचा डेटा एकत्र ठेवणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ही संस्था देशात आहेच. गाडी टोटल लॉस म्हणून मिटवली किंवा पाण्याचा क्लेम दिला, एवढा एक शिक्का चासी नंबरासमोर 'वाहन'वर उमटला पाहिजे, आणि नंबर किंवा राज्य बदललं तरी तो पुसला जाता कामा नये. मालकाचं नाव नको, रक्कम नको, पत्ता नको.

खासगीपणाचा मुद्दा इथं हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'वाहन'चा डेटा केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना दिला होता आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळवले, हे २०१९ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी खासगीपणाच्या कारणावरून ते धोरण मागं घेतलं. माणसाची माहिती विकू नये, बरोबरच आहे. पण गाडी गळ्यापर्यंत पाण्यात होती ही त्या माणसाची माहिती नाही, ती गाडीची आहे. आज गाडी विकत घेणाऱ्याला मालकाचं अर्धं नाव फुल्या मारून दिसतं आणि गाडीचं दुखणं अजिबात दिसत नाही. मला उलटं चालेल.

दुसरा आक्षेप जास्त खोचक आहे आणि तो एका जुन्या एजंटानंच मला ऐकवला. "शिक्का बसला की गाडीची किंमत निम्मी. मग क्लेम करतोय कोण? सगळे रोखीनं करतील, तुमची नोंद आणखी कोरी." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. नोंद असलेल्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला भाव, हे आजही चालूच आहे. विम्यातून, अधिकृत ठिकाणी, खऱ्या पार्टनी दुरुस्त झालेली गाडी लोक 'अ‍ॅक्सिडेंटची' म्हणून नाकारतात आणि रोखीनं लपवाछपवी केलेली 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' म्हणून जास्त पैसे मोजून घेतात. म्हणून शिक्का सरसकट नको. बंपर-काचेच्या क्लेमला नकोच. टोटल लॉस आणि पाणी या दोनच गोष्टींना हवा. लाख-दोन लाखांचं नुकसान बोनस वाचवायला कुणी खिशातून भरणार नाही.

विक्रेत्यांबाबत एक गोष्ट झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून सेकंडहँड गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, विक्रीसाठी गाडी ताब्यात आली की ऑनलाइन कळवावं लागतं, ती कुठं आणि कशासाठी फिरवली याची नोंद ठेवावी लागते. चांगला नियम आहे. पण त्याचा सगळा रोख गाडी कुणाच्या ताब्यात आहे यावर आहे. गाडी कुठल्या अवस्थेत आहे हे डीलरनं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं, असं कलम त्यात घातलं तर 'आम्हाला पण रिपोर्टच दिलाय' हे वाक्य तोंडातून निघण्याआधी माणूस दोनदा गालिचा उचलून बघेल.

आणि हे सगळं झालं तरी मेस्त्री लागणारच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमचे आजोबा बैल घ्यायचे तेव्हा जबडा उघडून दात बघायचे. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती की जुळलेला. हेडी लोक, म्हणजे जनावरांचे व्यापारी, शिंगं साळून, तेल लावून म्हातारा बैल तरणा करायचे, पण दात साळता येत नाहीत. म्हैस घ्यायची तर दोन वेळच्या धारा काढून बघितल्याशिवाय पैसे हातातून सुटायचे नाहीत, कारण एक वेळ दूध तुंबवून कास फुगवता येते, दोन वेळा नाही. आजही गंगावेशीत माणूस म्हशीची धार समोर काढून घेतो आणि तिथंच फेसाळता ग्लास तोंडाला लावतो. शंभर रुपयांच्या आतल्या दुधाला आपण इतकी खात्री करतो आणि सव्वाचार लाखांना पीडीएफवर विश्वास टाकतो.

गाडीलाही दात असतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ च्या गाडीला मीटरवर ३१ हजार आणि टायर चारही २०२२ चे असतील तर पहिले टायर गेले कुठं, हे विचारावं. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर मात्र कोवळं आहे, हे जमत नाही. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर तिथं पाना लागलाय. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात घालावा, सीटच्या रुळांखाली टॉर्च मारावा, काचा बंद करून दहा मिनिटं आत बसावं आणि एसी लावून नाकानं वास घ्यावा. अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच संशय घ्यावा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर का, ते विचारावं. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळं भरघोस बोनसही मालकाच्या जुन्या गाडीवरून आलेला असू शकतो. ही सगळी तपासणी दीड तासाची. आमच्या मेस्त्रीनं पाचशे रुपये घेतले, तेही 'राहू द्या' म्हणत.

भाच्यानं शेवटी दुसरीच गाडी घेतली. मालक कसबा बावड्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी पहिल्याच भेटीत फाइल काढून दाखवली. २०२० मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं पुढची डावी बाजू घासली होती, फेंडर आणि हेडलाइट बदलले, क्लेमचे कागद, बिलं, तुटलेल्या हेडलाइटचा फोटोसुद्धा. "आधीची तीन गिऱ्हाइकं हे बघून गेली," ते म्हणाले. मेस्त्रीनं सीटबेल्ट ओढला, गालिचा उचलला, बोट फिरवलं. नुसती धूळ. अपघाताचं कारण सांगून भाच्यानं पंधरा हजार कमी करून घेतले. मला ते बरोबर वाटलं नाही, पण मी मधे बोललो नाही.

पहिली गाडी महिन्याभरात गेली. कुणीतरी घेतली, त्याच आठ पानांवर.

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली तेव्हा दुधाळीतल्या माझ्या मित्रानं रात्री गाडी काढून आमच्या गल्लीत आणून लावली. सकाळी बघतो तर चढावर दोन्ही बाजूंना खालच्या पेठांमधल्या गाड्यांची रांग लागलेली. ज्याची चावी वेळेवर सापडली त्याची गाडी वर आली. मित्राच्या शेजाऱ्याची पांढरी सेदान मात्र तळमजल्याच्या पार्किंगमध्येच होती, तो बाहेरगावी गेला होता. पाणी त्या वेळी चाकाच्या निम्म्यापर्यंत येऊन थांबलं. पुढच्या महिन्यात त्यानं ती विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं होतं, फर्स्ट ओनर, रिपोर्ट क्लीन.